वाटाण्याएवढी पेस्ट

उचगावात बाळासो निकमांच्या बाहेरच्या खोलीत जो कॉम्प्युटर होता, तो चालू केल्यापासून बरोबर नऊ मिनिटांनी बंद पडायचा. आठ नाही, दहा नाही, नऊ. त्यातली चार मिनिटं त्याला स्वतःला जागं व्हायलाच लागत, म्हणजे माणसाच्या वाट्याला उरली पाच. आणि बाळासोंना बघायची होती ती फिल्म होती अकरा मिनिटांची.

फिल्म कसली म्हणाल, तर शिंगणापूरकरांच्या ऑइल इंजिनच्या कारखान्याचा शेवटचा दिवस. उद्यमनगरातला हा कारखाना सतरा वर्षांपूर्वी बंद झाला. मालक थकले, शेतकऱ्यांनी विहिरींवर विजेच्या मोटरी बसवल्या, आणि इंजिनं कुणाला नकोशी झाली. शेवटचं इंजिन तयार झालं तेव्हा त्याला हार घातला, अंगणात आणून सुरू केलं, आणि रंगखात्यातल्या गैबीनं मेव्हण्याचा कॅमेरा आणून त्याचं शूटिंग केलं. सगळ्या गँगमध्ये कॉम्प्युटर एकट्या बाळासोंच्या घरी होता, मुलाच्या, विश्वजितच्या, डिप्लोमासाठी घेतलेला. म्हणून फिल्म तिथं ठेवली. मूळ कॅसेटवर पुढं मेव्हण्यानं कुणाचं तरी लग्न शूट केलं, त्यामुळं जगात ही फिल्म एवढ्या एकाच जागी उरली.

या फिल्मची पहिली पाच मिनिटं म्हणजे मालकांचं भाषण. भाषण संपून गुंडू मेस्त्री इंजिनाकडं चालायला लागले की पडदा काळा. फिल्म पुढं ढकलायला जावं तर चित्र जागच्या जागी थिजायचं. त्या आठवड्यात मालकांचं भाषण चौदा वेळा झालं. शालूबाई भाकरी थापता थापता आतून म्हणायच्या, "आपण सगळे एका कुटुंबातले आहोत," आणि बाहेर मालक तेच म्हणायचे.

"आवं, भाषणच दाखवा की लोकास्नी," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय."

"भाषण बघायला मेस्त्री येणार हायत व्हय?"

मुद्दा मेस्त्रींचाच होता. गुंडू मेस्त्री आता चौऱ्याऐंशीचे झाले होते आणि सोमवारी सकाळी मुलाकडं नाशिकला जाणार होते, कायमचे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता कारखान्यातली उरलीसुरली वीस-बावीस माणसं बाळासोंकडं जमणार, भडंग-चहा घेणार, मेस्त्रींना फिल्म दाखवून निरोप देणार, असं ठरलं होतं. ठरवलं अर्थात बाळासोंनीच.

यात बाळासोंचं एक स्वतःचं कारण पण होतं. मेस्त्रींच्या हाताखाली त्यांनी सव्वीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून चांगला शब्द म्हणून नाही. फार खुश झाले तर "हं" म्हणायचे, आणि तेवढ्यावर माणूस महिनाभर जगायचा. पण फिल्ममध्ये, इंजिन सुरू व्हायच्या जरा आधी, बाळासो बेरिंगपाशी वाकलेत आणि मेस्त्री त्यांच्या डोक्यावर हात उभारून काहीतरी बोलतायत, असं चित्र आहे. बाळासोंनी ते एकदाच पाहिलं होतं, तेही आवाज बंद करून, कारण दुसऱ्या दिवशी विश्वजितचा पेपर होता. पण आवाज हवाय कशाला? हात दिसत होता की! आशीर्वादाचा हात. ही गोष्ट बाळासो सतरा वर्षं दिसेल त्याला सांगत आले होते. लोक मान हलवायचे, पण गालात हसायचे, हे त्यांना कळत होतं. आता सगळ्यांच्या देखत, खुद्द मेस्त्रींच्या देखत तो हात दाखवायचा होता.

विश्वजित पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. त्याला फोन लावला.

"बाबा, प्रोसेसर तापत असणार. त्याच्यावरची थर्मल पेस्ट वाळली असेल. सोडा तो डबा. फाईल पेनड्राईव्हवर घ्या, टीव्हीला लावा. पाच मिनिटांचं काम हाय."

"म्हंजे मशीन आजारी पडलं की त्यातलं सामान घिऊन पळून जायाचं?"

"बाबा, तसं नसतंय..."

"आम्ही जलमभर मशिनी दुरुस्त केल्या, विश्वजित. पेस्ट कुठं मिळती तेवढं सांग."

पेस्ट मिळाली गैबीच्या मुलीकडं. आफशीनचं बसस्टॉपजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, वर घर. तिनं इंजेक्शनच्या सिरिंजसारखी एक नळी काढून दिली. आत राखाडी रंगाचं, लोण्याहून जरा घट्ट असं काहीतरी होतं.

"काका, मीच येऊन लावते की."

"अगं, सव्वीस वर्षं बेरिंगं भरलीत मी. हे ग्रीसच की एक प्रकारचं."

"तसंच समजा. प्रोसेसर आणि वरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यात बारीक फट असते, ती भरायला. पण वाटाण्याएवढीच लावा हां. जास्त न्हाय."

"वाटाण्याएवढी," बाळासो म्हणाले, आणि मनात हसले. बाजारात कंजूषपणा किती वाढलाय, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी जेवण उरकून त्यांनी पाट मांडला, अंगातला सदरा काढून ठेवला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत सतरा वर्षांची धूळ होती. त्यांनी सायकलचा पंप आणून जोरात हवा मारली. धूळ गेली. कुठं गेली ते स्वयंपाकघरातून कळलं.

"आवं! भडंगाची पाटी उघडी हाय न्हवं हितं!"

"झाक की मग!"

"आधी सांगायचं, मग उडवायचं!"

पंखा निघाला. त्याच्याखालचा ठोकळा मात्र निघेना. डावीकडं, उजवीकडं हलवून हलवून तो एकदाचा सुटला. खाली नखाएवढा चौकोन, त्याच्यावर वाळलेल्या चुन्यासारखे पोपडे. बाळासोंनी ते रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढले आणि चौकोन लखलखीत केला. असा एखादा भाग पुसून हातात घेऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. बोटं आपोआप चालत होती. क्षणभर त्यांना लेथचा आवाज आला, कापलेल्या लोखंडाचा वास आला, आणि खूप बरं वाटलं.

"शालू, एक वाटाणा दे."

"कसला?"

"खायाचा. माप घ्यायला."

"वाळका का भिजवल्याला?"

हे आफशीननं सांगितलं नव्हतं.

"भिजवल्याला दे."

भिजवलेला वाटाणा शेजारी ठेवून त्यांनी त्याच्याएवढा ठिपका काढला. मान तिरकी करून बघितलं. एवढंसं! सबंध मशीन यावर चालायचं? एखाद्याच्या पानात एवढंसं तूप वाढलं तर पावणं उठून जातील. आणि त्यांना मेस्त्रींचा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट: बाळ्या, ग्रीस लावताना हात आखडायचा न्हाय.

मग त्यांनी हात आखडला नाही. सगळी नळी रिकामी केली. बोटानं चारी बाजूंनी सारखी केली, कडा बुजवल्या, कोपरे भरले. तरी एका बाजूला जरा कमी आहे असं त्यांना वाटायला लागलं. माळ्यावर कारखान्यातला ग्रीसचा डबा होता, शेवटच्या दिवशी आठवण म्हणून आणलेला. त्यातलं बोटभर ग्रीस काढून त्यांनी ती बाजूही भरून टाकली. वर ठोकळा दाबला. चहूकडून राखाडी आणि तांबूस वंगण बाहेर आलं, अगदी कारखान्यातल्यासारखं. बाळासोंचं मन भरलं.

डबा चालू केला. एक मिनिट झालं. रविवारच्या दुपारी कुणीतरी रबर तव्यावर टाकल्यासारखा वास आला, पी-पी-पी असं तीनदा वाजलं आणि सगळं गप्प. परत चालू केलं. आता मालकांचं भाषणसुद्धा नाही.

"शालू," बाळासो आत येऊन म्हणाले, "वाट लागली."

"तुमच्या नाकाला काय लागलंय?"

नाकालाच नाही. त्या पेस्टची एक खोड असते, ती पुसली की जात नाही, पसरते. दाराच्या कडीला लागली, पंपाला लागली, फोनला लागली. विश्वजितला विचारावं म्हणून शालूबाईंनी फोन कानाला लावला, तर त्यांच्या गालाला लागली. पदरानं पुसली, तर पदराला लागली. आणि ही दोघं एकमेकांचं तोंड बघत उभी असताना बाहेरून आवाज आला.

"बाळ्या! हाईस का घरात?"

दोन वाजले होते. कार्यक्रम पाचचा. पण भोंग्याच्या आधी कामावर हजर व्हायची मेस्त्रींची सवय चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुटणार होती थोडीच!

बाळासोंनी डबा उचलून मागच्या खोलीत ठेवला, सदरा अडकवला आणि धावत बाहेर गेले. पायरी चढताना मेस्त्रींचा जरा तोल गेला, टोपी घसरली. बाळासोंनी टोपी वरच्या वर झेलली, प्रेमानं परत डोक्यावर बसवली. पांढऱ्याशुभ्र टोपीवर अंगठा आणि चार बोटं, राखाडी, ठळक उमटली. शालूबाईंनी दारातून ते बघितलं आणि डोळे मिटले.

"आलासा मेस्त्री? बसा, बसा."

"फिल्म तयार हाय का?"

"तयार म्हंजे काय! एकदम तयार."

"कसला वास यायलाय?"

"भडंगाचा," शालूबाई आतून म्हणाल्या.

मेस्त्री खुर्चीवर बसले आणि डोळ्यांवर जाड चष्मा चढवून पडद्यासमोर तोंड करून वाट बघायला लागले. अजून तीन तास होते. बाळासोंनी डबा आधीच मागच्या खोलीत नेला होता. तो त्यांनी गोधडीत गुंडाळला आणि पोटाशी धरून निघाले. मागच्या दाराला जायचं तर पुढच्याच खोलीतून जावं लागायचं. बांधताना त्यांनी स्वतःच केलेली चूक होती ती.

"गोधडीत काय घिऊन चाललास?"

"धुवायला टाकतो, मेस्त्री."

"आज? पावणं येणार हायत न्हवं?"

"म्हणूनच की."

"हं," मेस्त्री म्हणाले. एरवी त्या हुंकारानं बाळासोंचं महिन्याचं भागलं असतं. आज घाम फुटला.

आफशीन दुपारची झोपली होती. तिला उठवलं. तिनं गोधडी सोडली, डबा उघडला, ठोकळा उचलला, आणि उजेडात धरून बघितला.

"काका, हे काय केलासा?"

"लावली. तू सांगितलीस तशी."

"मी वाटाण्याएवढी म्हणले, तुम्ही वाटाण्याची उसळ केलीसा! आणि हे तांबडं काय?"

"ग्रीस."

"या अल्ला."

"चांगलं होतं गं. कारखान्यातलं."

ती हसायला लागली, पण बाळासोंचं तोंड बघून थांबली. सहासष्ट वर्षांचा माणूस, नाकाला राखाडी ठिपका, हातात रिकामी गोधडी. "मेस्त्री घरात येऊन बसलेत, आफशीन," ते म्हणाले. "उद्या जाणार. परत भेट हुईल का न्हाय, कुणाला ठाऊक. त्यास्नी तेवढा हात दाखवायचाय. एकदा बघू देत, मग हा डबा भंगारात गेला तरी चालंल."

"बसा," ती म्हणाली. "बघू या."

दीड तास ती दात घासायच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं एकेक कोपरा साफ करत होती. बाळासो शेजारी स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले, जसे ते पहिल्या वर्षी मेस्त्रींच्या शेजारी बसायचे. शेवटी तिनं नवी नळी काढली, मधोमध एक ठिपका ठेवला आणि ठोकळा नेमका बसवला.

"एवढंच?" बाळासोंना राहवलं नाही.

"एवढंच. पातळ थर असला की उष्णता वर जाते. जाड झाला की तिथंच अडकते आणि उलट जास्त तापतं. तुमच्या बेरिंगचं बी तसंच असंल की."

"बेरिंगचं तसं नसतंय," बाळासो ठामपणानं म्हणाले. "आमच्या मेस्त्रींनी सांगितलंय."

साडेचारला डबा गोधडीतून घरी आला. मेस्त्री तिथंच बसले होते. "धुतली?" त्यांनी विचारलं. बाळासो म्हणाले, "व्हय." पाचला माणसं जमली. लेथवाले आले, ओतकामवाले आले, गैबी आला, मागोमाग आफशीनही येऊन दारात उभी राहिली. कुणाचे केस गेले होते, कुणाचे दात. कागलच्या एमआयडीसीत कामाला गेलेले दोघं रविवारची सुट्टी म्हणून आले होते, ते सगळ्यांत तरुण, म्हणजे पन्नाशीचे. सगळे एकदम बोलत होते, कारण तीस वर्षं मशिनींच्या आवाजात बोलून हळू बोलायची सवयच कुणाला नव्हती.

"मेस्त्रींच्या टोपीवर कुणाचा पंजा हाय रं?" गैबी ओरडला.

"गप बस की," बाळासो म्हणाले आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर जागा झाला. मालक बोलायला लागले. "आपण सगळे एका कुटुंबातले आहोत," शालूबाई भडंगाची ताटली फिरवता फिरवता म्हणाल्या, आणि सगळे हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. मालक गेल्या वर्षी वारले होते. त्यांच्यामागं कारखान्याची भिंत दिसत होती, तिच्यावरचं घड्याळ, पाण्याचा नळ, नळाखालची ती चिरलेली फरशी. "फरशी बघा की," कुणीतरी म्हणालं. बाळासोंचे डोळे मात्र भिंतीवरच्या आपल्या घड्याळावर होते. आठ मिनिटं. साडेआठ. नऊ.

पडदा काळा झाला नाही.

दारात आफशीननं अंगठा वर केला. पडद्यावर सदुसष्ट वर्षांचे मेस्त्री ताठ चालत इंजिनाकडं निघाले. बेरिंगपाशी पन्नाशीला टेकलेले बाळासो वाकलेले. "आता बघा," बाळासो उभे राहून म्हणाले. "आता बघा सगळ्यांनी. हा, हा बघा हात!"

मेस्त्रींचा हात वर झाला. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्या हाताबरोबर आवाज आला, खणखणीत, आख्ख्या खोलीभर.

"आरं बास की, बाळ्या! बास! सव्वीस वर्सं सांगतोय, ग्रीस जास्त झालं की बेरिंग तापतंय! वाटाण्याएवढं लावायचं, वाटाण्याएवढं! हात आखडता घे की जरा, खुळ्या!"

मग जे हसू फुटलं त्यात पुढची फिल्म कुणाला ऐकू आली नाही. गैबी जमिनीवर बसला. शालूबाईंनी राखाडी पदर तोंडाला लावला. आफशीन तर हसता हसता भिंतीला टेकली. बाळासो तेवढे पडद्याकडं बोट दाखवून तसेच उभे राहिले. सतरा वर्षं ज्याला त्याला सांगितलेली गोष्ट त्यांच्या बोटाच्या टोकावरून निसटून चालली होती.

मेस्त्री हसले नव्हते. ते चष्मा पुसत होते. "मागं घे," ते म्हणाले. "इंजिन सुरू हुताना परत दाव. ह्या गोंधळात गेलं ते."

आता चित्र थिजलं नाही, मागं गेलं. खोली शांत झाली. पडद्यावर मेस्त्रींनी हँडल घातलं, एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, आणि इंजिन लागलं. टक, टक, टक, टक. कितीतरी वर्षांनी तो आवाज. खोलीतल्या वीस-बावीस जणांची पावलं त्याच्या तालावर हलत होती आणि त्यातल्या निम्म्यांना ते माहीतही नव्हतं. शिंगणापूरकरांचं शेवटचं इंजिन, तीन मिनिटं, शेवटपर्यंत चाललं.

निघताना मेस्त्रींना पायरीपर्यंत सगळे आले. आफशीननं एक पेनड्राईव्ह त्यांच्या खिशात घातला. "आजोबा, तुमची फिल्म हाय ह्यात. नाशिकला टीव्हीवर बघा." बाळासोंनी तिच्याकडं जरा रागानं बघितलं.

मग ते पाया पडायला वाकले. डोळे भरून आले होते आणि वर बघायची लाज वाटत होती. मेस्त्रींनी टोपी काढली, तिच्यावरचा राखाडी पंजा चष्म्यातून नीट न्याहाळला आणि टोपी न झटकता परत घातली.

"कॉम्प्युटरात ग्रीस कुणी भरलं, तूच का?"

"व्हय, मेस्त्री."

"आणि नीट कुणी केलं?"

"आफशीननं. वाटाण्याएवढं लावून."

"हं." मेस्त्रींचा हात वर झाला, अगदी फिल्ममधल्यासारखा. बाळासोंनी मान आणखी खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली. हात डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला.

"ते पेठ वडगावला विकल्यालं इंजिन," मेस्त्री म्हणाले, "शेवटचं, ते बारा वर्सं चाललं. बेरिंग तापायचं, पर गेलं न्हाय. मी जाऊन बघून आलतो." त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी सारखी केली. "हात सैलच हाय तुझा, बाळ्या. ऱ्हाऊ दे तसाच."